घाटात बंद पडलेला रेडिओ

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या गल्लीत सगळे रेडिओ म्हणायचे. तोंडावर नाही, पण पाठीमागेही फारसं हळू नाही. त्यामुळे त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांचं सलून होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आरशाखालच्या फळीवर कात्र्या, कंगवे, वस्तरे आणि पाणी उडवायची बाटली, आणि दाराशी वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दुसरी खुर्ची बहुतेक वेळ रिकामी असायची, कारण ठेवलेला प्रत्येक कारागीर काही महिन्यांत सोडून जायचा. त्यातला एक मला पुढे कधीतरी भेटला. म्हणाला, "पगाराची तक्रार नव्हती हो. पण संध्याकाळपर्यंत कान गरम व्हायचे."

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं की सासऱ्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. कोणाच्या भाचीचं लग्न का मोडलं, कोणत्या वकिलाच्या टकलाला कोणतं तेल लागू पडलं नाही, पाण्याच्या टाकीत मांजर पडलं तेव्हा कोण काय म्हणालं. पंचाईत अशी की एका गिऱ्हाइकाला सुरू केलेली गोष्ट त्याचे केस कापून झाले तरी संपलेली नसायची, मग उरलेली पुढच्याला. गल्लीतले लोक कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांकडून आपापला राहिलेला भाग मागून घ्यायचे.

घरीही तेच. सासूबाई एखादं वाक्य सुरू करायच्या, "आज मी बाजारात गेले होते, तर..." की सासरे "बाजारावरून आठवलं" म्हणून तिथून गाडी जी सोडायचे ती थेट जेवणं होईपर्यंत. सासूबाईंना मी कधी भांडताना पाहिलं नाही. त्या मान डोलवायच्या आणि हातातलं काम करत राहायच्या. लग्नानंतर पहिली काही वर्षं माझी अशी समजूत होती की माझ्या सासूबाई अबोल आहेत.

दर हिवाळ्यात मात्र सासरे आठवडाभर दुकान बंद ठेवून डोंगरात जायचे. एकटे. कारण काय, तर कात्र्यांना धार लावायची. तिकडे म्हणे एक म्हातारा धारवाला होता आणि त्याच्यासारखा हात अख्ख्या मुलखात कुणाचा नव्हता. कोणी कधी याच्यावर शंका घेतली नाही. सासूबाईंना तर तो आठवडा हवासाच असायचा. "घरात घड्याळाचा आवाज येतो," असं त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी माझ्या बायकोने ठरवलं की आई-बाबांना घेऊन आपणच डोंगरात जायचं. बर्फ बघायचा, तळी बघायची, वाटेत राहायचं. ती मोटार चालवायला शिकवते, तो तिचा धंदाच आहे, त्यामुळे आमच्या घरात स्टिअरिंगला माझा हात लागत नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून नकाशा माझ्याकडे. मागे सासू-सासरे आणि त्यांच्या मधे आमची लेक छकुली, जिला त्या वर्षी सगळ्याच गोष्टींमागचं कारण हवं असायचं.

सासऱ्यांना आनंद व्हायला हवा होता. पण बेत ऐकून ते जरा गडबडले. "बर्फात कशाला? छकुलीला सर्दी होईल." मग म्हणाले, "बरं, जाऊ. पण खालच्या रस्त्याने जायचं. मोठ्या तळ्याच्या काठाने. वरच्या घाटात जायचं नाही." खालचा रस्ता तर खालचा. आम्हाला कुठे फरक पडत होता?

पहिला दिवस नेहमीसारखा गेला. म्हणजे सासरे बोलत होते. काचांवर आतून वाफ धरत होती, छकुली तिच्यावर बोटाने मासे काढत होती, बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावलेल्या साखळ्या खळखळत होत्या आणि त्या सगळ्यावर सासऱ्यांचा आवाज. एक तळं गेलं, दुसरं गेलं. पहिल्याचं पाणी काळंभोर होतं, काठाला काचेसारखा पातळ बर्फ. दुसऱ्याच्या पलीकडे डोंगर इतके जवळ होते की मान वाकडी करून बघावं लागत होतं. सासऱ्यांनी कशाकडेच पाहिलं नाही, कारण ते एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी कशी उडाली ते सांगत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावर रस्ता अडवलेला दिसला. नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस काचेजवळ आला आणि म्हणाला, "खाली बर्फ घसरलाय. वरून जा. घाटातून."

"वरून नको," सासरे मागून म्हणाले.

"का हो बाबा?" बायकोने आरशातून पाहिलं.

"तो रस्ता वाईट आहे. एकदम वाईट. वर बघण्यासारखं काही नाही."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही दर वर्षी जाता तो धारवाला वरच राहतो का?"

"नाही. म्हणजे तो... तिकडे." त्यांनी एक हात डावीकडे केला, मग उजवीकडे. "आपण परत फिरू. घरी जाऊ. घरीसुद्धा थंडी आहेच की."

मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. बायकोने गाडी वर घेतली.

त्यानंतर जे झालं ते आमच्यापैकी कोणाच्या आधी लक्षात आलं ते सांगता येत नाही. पहिल्या काही वळणांवर सासरे कारणं देत राहिले, पण वाक्यं आखूड व्हायला लागली. मग अर्धीच यायला लागली. मग एका लाकडी पुलावरून गाडी गेली, पलीकडे रस्ता झाडीत वळला आणि मागून काहीच आवाज येईना. हीटरची घरघर ऐकू यायला लागली. वायपरचा रबर काचेवर कुरकुरतोय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आजोबा झोपले?" छकुलीने विचारलं.

ते झोपले नव्हते. टक्क जागे होते, मफलर नाकापर्यंत ओढून बाहेर बघत होते.

बायकोने रस्ता जरा रुंद झाला तिथे गाडी बाजूला घेतली, इशाऱ्याचे दिवे लावले आणि उतरून मागचं दार उघडलं. "बाबा, दोन्ही हात वर करा. करा ना. आता हसा. तोंड वाकडं तर होत नाही ना? जीभ बाहेर काढा."

सासऱ्यांनी हात वर केले, जीभ काढली, ओढूनताणून हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला काही झालेलं नाही. चल."

आम्हाला धीर यायला हवा होता. पण इतकं छोटं बोलणं त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे आम्ही आणखीच घाबरलो. सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

तोवर बर्फाचा जोर वाढत चालला होता. आधी भुरभुर, मग असा की समोरचा रस्ता आणि दरी यातला फरक फक्त काठाला लावलेल्या लाल काठ्यांवरून कळावा. एका वळणावर खाली एक मोकळं पांढरं मैदान दिसलं आणि त्याच्या कडेला दुमजली लॉज. धुराड्यातून धूर येत होता.

"इथे थांबायचं," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी जोरात मान हलवली आणि बोट पुढे केलं.

"बाबा, चाकांना साखळ्या लावल्यात, पंख नाही लावलेले."

आत शिरल्यावर एक अरुंद बोळ होता. खुंट्यांवर ओले कोट, खाली बुटांची रांग, लाकडाच्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास. सासरे सगळ्यांच्या मागे, माझ्या पाठीआड उभे होते. एखादा कर्जदार सावकाराच्या दारात उभा राहतो तसे. आतून लॉजवाल्या बाई आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या, हात ओले. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ओले हात घाईघाईने पदरासारख्या बांधलेल्या ॲप्रनला पुसले, आणि मग ते हात हवेत काहीतरी करायला लागले. कपाळ, गाल, जिन्याकडे बोट, एका तळव्यावर दुसरी मूठ. सरसर, न अडखळता. मी मागे वळून पाहिलं. माझे सासरेही हातांनी उत्तर देत होते. तितकंच सरसर.

आम्ही चौघंही आ वासून उभे.

"तुम्ही यांच्याबरोबर आहात होय?" बाई आम्हाला म्हणाल्या. "बरं झालं बाई. दर वर्षी एकटेच येतात, माझा जीव टांगणीला असतो. मुक्या माणसाने या घाटात एकट्याने यायचं म्हणजे काय? गाडी बंद पडली तर हाकसुद्धा मारता यायची नाही."

"कोण मुकं?" माझी बायको म्हणाली.

"आजोबा मुके नाहीयेत," छकुलीने सुरुवात केली, "आजोबा तर एवढं..."

"हाताची घडी, तोंडावर बोट," सासूबाई म्हणाल्या. छकुली गप्प झाली. बायकोही गप्प झाली. सासूबाईंनी हे का केलं ते मी त्यांना नंतर विचारलं. त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, आपण फक्त यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत हे इतके घाबरलेले आपण कधी बघितले नव्हते.

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"मी यांची बायको."

"असं होय. यांनी कधी सांगितलं नाही." मग बाई जरा ओशाळल्या. "म्हणजे, सांगणार तरी कसे म्हणा."

वरच्या खोलीत आम्ही पाचही जण शिरलो आणि बायकोने दार लावून घेतलं. लाकडी भिंती, दोन पलंग, जाडजूड रजया, खिडकीतून खालचं ते पांढरं मैदान. "बाबा, हा काय प्रकार आहे?" तिने कुजबुजत विचारलं. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवर टिचकी मारून दाखवली. भिंत पातळ होती. पलीकडे कोणीतरी खोकलं ते स्पष्ट ऐकू आलं. सासूबाई पलंगाच्या कडेवर बसून हातमोजे काढत होत्या. एकेक बोट, सावकाश. सासऱ्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

सासऱ्यांनी मला डोळ्यांनी खूण केली. आम्ही खाली उतरलो, बूट घातले आणि मैदानात चालत निघालो. बर्फ थांबला होता. बरंच पुढे गेल्यावर मला बर्फातून वर आलेले लाकडी खांब दिसले, नाव बांधायला असतात तसे, आणि मी जागच्या जागी थांबलो.

"हे तळं आहे," सासरे म्हणाले. "घाबरू नका. फूटभर गोठलेलं असतं. ट्रक जातो."

भूगोलाच्या मास्तराला आपण पाण्यावर उभे आहोत हे कळू नये याची मला लाज वाटली, पण तो विषय तेव्हा नव्हता. सासरे लॉजकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे ओठ हललेले तिकडून दिसू नयेत, आणि बोलायला लागले. नेहमीसारखे नाही. थांबत थांबत.

"पहिल्यांदा आलो ना, तेव्हा आदल्याच दिवशी दाढ काढली होती. गाल असा सुजलेला. तोंडात कापसाचा बोळा. बाईंनी नाव विचारलं, मी नुसते हात हलवले. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. खोली दिली, गरम सूप दिलं."

"मग पुढच्या वर्षी सांगायचं."

"दारातच सांगणार होतो. पण बाईंनी वर्षभरात हातांची भाषा शिकून ठेवली होती, जावईबापू. खाली गावात मुक्या मुलांची शाळा आहे, तिथल्या मास्तरीणबाईकडे जाऊन. मी येईन तेव्हा माझं म्हणणं त्यांना कळावं म्हणून. मला येत नाही हे बघून त्यांना वाटलं, बिचाऱ्याला कोणी शिकवलंच नाही. मग मलाही शिकवली. आता तुम्ही सांगा, अशा बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं की मला तोंड आहे?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

"आणि तो धारवाला?"

"होता. खालच्या गावात. तो जाऊनही जमाना झाला. कात्र्यांना आपल्या बाजाराच्या मागचा माणूसच धार लावून देतो."

"म्हणजे तुम्ही इथे येता ते नुसतं गप्प बसायला?"

त्यांनी बुटाच्या टोकाने बर्फ उकरला. "हळूहळू बाई मला सगळं सांगायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याचं, मुलाचं. त्यांनी स्वतः काय केलं त्याचं. अशा गोष्टी बोलत्या माणसाला कोणी सांगत नाही. आता मी तोंड उघडलं तर त्यांनी ते सगळं कोणाला सांगितलं असं होईल? तुम्हीच बघा."

"काय सांगितलं त्यांनी?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," माझे सासरे म्हणाले. अख्ख्या गल्लीला शेजाऱ्याच्या कोंड्याची खबर देणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

परत फिरताना ते आपणहून म्हणाले, "दुकानात मी गप्प झालो की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघायला लागतं. माणूस फार वेळ स्वतःकडे बघत बसला की नाराज होऊन उठतो. म्हणून मी बोलतो. घरी आल्यावर थांबायचं कसं ते कळत नाही. तो लाकडी पूल ओलांडला की आपोआप थांबतं. असं का, ते मला विचारू नका."

संध्याकाळ व्हायला आली होती. जिन्याच्या तोंडाशी सासूबाई मला एकट्याला भेटल्या. "काय म्हणाले?" मी जमेल तसं सांगितलं. दाढ, शाळा, मास्तरीणबाई, बाईंनी सांगितलेल्या गोष्टी. त्यांनी मधे एकदाही काही विचारलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे यांना ऐकता येतं."

त्या वर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बर्फाने घाटही बंद झाला होता. बर्फ ढकलणारं यंत्र खालच्या रस्त्यात गुंतलंय, संध्याकाळपर्यंत तरी हलायचं नाव घेऊ नका, असं बाईंनी सांगितलं. खालच्या मोठ्या खोलीत शेगडी पेटलेली होती. खिडकीशी समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर सासरे जाऊन बसले, तीच त्यांची जागा असावी. समोरच्या खुर्चीवर बहुधा लॉजवाल्या बाई बसत असाव्यात, कारण तिथे उशा शिवायचं सामान पडलं होतं. बाई आतून यायच्या आधीच सासूबाई तिथे जाऊन बसल्या. सामान त्यांनी नीट गोळा करून खिडकीत ठेवलं.

"त्या दिवशी मी बाजारात गेले होते," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी भुवया उंचावल्या. कोणत्या दिवशी?

"माझी ताई आजारी पडली त्या वर्षी. बाजारात मला तिचे डॉक्टर भेटले. त्यांनी मला रस्त्यातच सांगितलं की ती यातून उठायची नाही. मी भाजीची पिशवी घेऊन तशीच घरी आले. तुम्ही नुकतेच दुकानातून आला होतात. मी म्हटलं, आज मी बाजारात गेले होते. तुम्ही म्हणालात, बाजारावरून आठवलं."

मी आणि बायको शेगडीपाशी बसलो होतो. आम्ही उठून जायला हवं होतं, पण उठलो नाही. छकुली जमिनीवर पोट टेकून चित्र काढत होती.

"नंतर तिला दवाखान्यात हलवलं तेव्हा तुम्ही माझ्यावर चिडलात. मला आधी का नाही सांगितलंस म्हणून."

सासऱ्यांचं तोंड उघडलं. त्याच क्षणी लॉजवाल्या बाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. सासऱ्यांचं तोंड मिटलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेची शीर वर आली होती. मी त्यांना जन्मात कधी शब्द गिळताना पाहिलं नव्हतं आणि तो प्रकार बघवत नव्हता. मग त्यांचे हात वर आले. त्यांनी काहीतरी केलं, एकदा, दोनदा. छातीवर हात, मग दोन बोटं पुढे पुढे सरकवत नेली.

सासूबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. "काय म्हणताय? मला नाही कळत."

लॉजवाल्या बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "ते म्हणतायत, चूक झाली," त्या म्हणाल्या. "आणि म्हणतायत, पुढे सांग."

बाई कप भरून परत आत गेल्या. सासूबाई पुढे सांगत राहिल्या. किती सांगितलं म्हणून सांगू? बहिणीचं संपलं, मग घराच्या गच्चीचं, मग बायकोच्या जन्माच्या वेळचं काहीतरी, मग त्यांना दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीवर बायकांचे केस कापायला शिकायचं होतं त्याचं. आवाज चढला नाही, पण थांबल्याही नाहीत. मधेमधे त्या हसतही होत्या. त्या इतक्या गमतीदार बोलतात हे मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं. ती मला हळूच म्हणाली, "ही कोण आहे?"

मला त्या दुपारी काहीच उमगेनासं झालं होतं. हा माणूस खोटा वागत होता की याच खोट्यात खरा होता? सासूबाईंना राग आला होता की मजा वाटत होती? आणि सासरे खुर्चीत असे बसले होते की त्यांना शिक्षा होतेय की सुख, ते चेहऱ्यावरून ठरवता येईना.

घाट उघडला तेव्हा आम्ही सामान गाडीत टाकलं. निघताना सासूबाई स्वयंपाकघरात बाईंचा निरोप घ्यायला गेल्या आणि जरा जास्तच वेळ आत राहिल्या. बाहेर आल्यावर गप्प होत्या. लाकडी पूल मागे पडला तरी सासरेही काही बोलले नाहीत. बायकोने आरशातून दोनतीनदा पाहिलं. बऱ्याच खाली, पहिल्या गावाची घरं दिसायला लागल्यावर त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "त्या मिशीचं राहिलंच होतं." छकुलीने टाळी वाजवली.

पेट्रोल पंपावर सासरे छकुलीला घेऊन पाय मोकळे करायला गेले तेव्हा सासूबाईंनी आम्हाला सांगितलं. स्वयंपाकघरात बाईंनी त्यांना विचारलं होतं, "घरीसुद्धा हे झोपेत असंच बोलतात का हो? इथे तर भिंती पातळ, सगळ्या माळ्याला ऐकू येतं."

"मग? तिला माहीत आहे तर," बायको म्हणाली.

"मी तेच विचारणार होते. तर ती म्हणाली, मी खालच्या डॉक्टरांना विचारलं, मुकी माणसं झोपेत बोलतात का, तर ते म्हणाले, सांगता येत नाही, बोलतही असतील."

"हे तिने हसत हसत सांगितलं का?"

"नाही. मी नीट बघत होते. हसली नाही."

"म्हणजे तिला खरंच वाटतं की..."

"मला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "आणि यांना हे सांगायचं नाही. दोघांनीही."

आम्ही सांगितलं नाही. घरी आल्यावर मला वाटत होतं की काहीतरी बदलेल. दुकानात सासरे पूर्वीसारखेच बोलत होते. घरीही बोलत होते. कधीकधी मात्र मधेच थांबून सासूबाईंकडे बघायचे, आणि सासूबाईंना काही सांगायचं असेल तर त्या सांगायच्या, नसेल तर "चालू द्या" म्हणायच्या. उन्हाळ्यात त्यांनी दुसऱ्या खुर्चीची धूळ झाडली आणि एका शेजारणीचे केस कापले. फारसे चांगले कापले नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात दोघं मिळून गेले. बायको गाडीने सोडायला तयार होती, तर नको म्हणाले, बसनेच जाऊ. तिकडे कोण बोललं, कोण गप्प बसलं, काही कळलं नाही. परत आले तेव्हा सासूबाईंचा घसा बसला होता. बायकोने विचारलं तर म्हणाल्या, थंडी फार होती.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. फोन वाजला, मी उचलला. लॉजवाल्या बाई होत्या. नंबर सासूबाईंनी दिलेला असणार. आवाज जरा खोल गेलेला वाटला.

"साहेब आहेत का घरी?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

"मग जरा द्या त्यांना फोन."

मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो. मुक्या माणसाला फोन द्या असं ही बाई म्हणतेय, मी तो दिला तर काय आणि नाही दिला तर काय, हे मला ठरवता येईना. सासरे ताटावरून माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनी मान हलवली, द्या म्हणून.

सासऱ्यांनी हात धुतला, पुसला, फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. ताटातलं सगळं गार झालं तरी ते तसेच ऐकत बसून होते. एक शब्द बोलले नाहीत.